आधी बघायचं, मग हात लावायचा

‘‘तुला काय कळणार गं त्यातलं, आई?’’

लेक हे काही उद्धटपणे बोलली नव्हती. दमली होती बिचारी. जिल्ह्याच्या गावी दोन दिवसांची शालेय बुद्धिबळ स्पर्धा होती आणि शेवटच्या फेरीत हातातोंडाशी आलेला डाव गेला होता. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ती मुसमुसत होती आणि मी आपली विचारतेय, ‘‘अगं, पण झालं काय? कुठे चुकलं?’’ त्यावर आलेलं हे उत्तर.

खरं सांगते, मैत्रिणींनो, ते वाक्य मला लागलं. कारण ते खरं होतं. चार वर्षं मी तिला स्पर्धांना नेत होते. डबा माझा, पाण्याची बाटली माझी, स्वेटर माझा. हॉलच्या बाहेर सतरंजीवर आम्ही सगळ्या आया बसायचो. कुणी मटार सोलतेय, कुणी क्रोशाचं विणकाम काढलंय. आत पोरं काय करतायत, याचा आम्हाला पत्ता नसायचा. पोरगी हसत बाहेर आली की जिंकली, मान खाली घालून आली की हरली. एवढंच आमचं बुद्धिबळ! मला सोंगट्या कशा चालतात ते लहानपणापासून ठाऊक होतं. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं. पण चाल येणं वेगळं आणि खेळ दिसणं वेगळं.

त्या रात्री ठरवलं, लेकीला हरवायचं नाहीये, पण ती रडत असेल तेव्हा ती कशासाठी रडतेय एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे.

कोडं म्हणजे काय?

माळ्यावर तिच्या क्लासचं पहिल्या वर्षाचं कोड्यांचं पुस्तक सापडलं. पानापानावर छापलेले पट. दुपारी मागचं आवरलं की वीस मिनिटं ते घेऊन बसायचं, असा नेम केला. पहिल्या दिवशी सहा कोडी पाहिली. एकही सुटलं नाही! पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आपल्याला डोकंच नाही. तुम्हीही हे वाक्य स्वतःला कधी ना कधी ऐकवलंच असेल. आपल्याला ते फार लवकर सुचतं.

पण दुसऱ्या दिवशी परत बसले आणि मग हळूहळू कळलं, की मी कोडी सोडवतच नव्हते. मी अंदाज मारत होते.

बुद्धिबळाचं कोडं म्हणजे अख्खा डाव नाही. कुणाचा तरी डाव निम्म्यावर आलाय, पटावर थोडेच मोहरे उरलेत आणि आता चाल कुणाची ते लिहिलेलं असतं. एका नेमक्या चालीने, किंवा दोन-तीन चालींच्या मालिकेने मात तरी होते किंवा समोरच्याचा एखादा मोठा मोहरा तरी हाती लागतो. ती चाल शोधायची. यात एक मोठी सोय आहे. उत्तर आहे याची खात्री असते! खऱ्या डावात कुणी कानात सांगत नाही, की थांब, आता इथे काहीतरी आहे. कोडं ते सांगतं. म्हणूनच शिकणाऱ्याने कोड्यांपासून सुरुवात करायची.

घरात पट असेल तर काढाच. नसेल तर वहीच्या पानावर आठ गुणिले आठ चौकोन आखा. पांढऱ्याच्या बाजूने बसलं की डावीकडून उजवीकडे आठ उभ्या ओळी, त्यांची नावं ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आणि आपल्या बाजूकडून समोर जाणाऱ्या आडव्या ओळी १ ते ८. म्हणजे डावीकडचं आपल्या जवळचं कोपऱ्यातलं घर ए १ आणि समोरचं उजवीकडचं कोपऱ्यातलं घर एच ८. झालं, एवढंच.

पहिलं कोडं: भिंत

पांढऱ्याचा राजा जी १ वर, त्याच्यापुढे एफ २, जी २, एच २ वर तीन प्यादी. पांढऱ्याचा हत्ती डी १ वर. आता काळा. त्याचा राजा जी ८ वर, पुढे एफ ७, जी ७, एच ७ वर तीन प्यादी आणि काळ्याचा हत्ती ए २ वर. चाल पांढऱ्याची.

मी काय केलं असेल? मला तो काळा हत्ती खुपला. आमच्या घरात घुसून बसलाय मेला, याला आधी हुसकावू. म्हणून माझा हत्ती नेला ए १ वर, अगदी त्याच्या समोर. उत्तर बघितलं आणि कपाळावर हात मारला. काळ्याने माझाच हत्ती मारला आणि माझ्या राजाला शह दिला. राजा पळणार कुठे? पुढे माझीच तीन प्यादी उभी! पहिल्या ओळीत कुठेही सरकला तरी हत्तीच्या माऱ्यातच. मात.

आणि बरोबर उत्तर? पांढऱ्याचा हत्ती सरळ डी ८ वर न्यायचा. काळ्या राजाला शह. त्याचा हत्ती लांब ए २ वर, तो मध्ये येऊन आडवा उभा राहू शकत नाही. आणि राजापुढे त्याचीच तीन प्यादी. एका चालीत मात!

म्हणजे दोन्ही राजांची अवस्था सारखीच होती. राखणीला म्हणून उभी केलेली प्यादी, आणि त्यांचीच भिंत झाली. ज्याची चाल होती त्याला ते आधी दिसायला हवं होतं. मला त्याचा हत्ती दिसला, राजा दिसलाच नाही. जे खुपतं तिकडेच आपलं लक्ष जातं, हे मला त्या दिवशी पटलं.

दूध, कुकर आणि दारावरची बेल

पुढच्या महिनाभरात ध्यानात आलं, की कोडी शेकड्याने असली तरी त्यातल्या युक्त्या मोजक्याच आहेत. त्यांना मुलं इंग्रजी नावं देतात. मी त्या स्वयंपाकघरातून लक्षात ठेवल्या.

पहिली युक्ती फोर्क, म्हणजे दुहेरी मारा. एका मोहऱ्याने एकाच वेळी दोघांवर हल्ला करायचा. एका शेगडीवर दूध उतू चाललंय आणि दुसरीवर फोडणी जळतेय. हात एकच, एक वाचवलं की दुसरं गेलंच. घोडा यात फार पटाईत, कारण तो उड्या मारत येतो आणि त्याची वाट अडवता येत नाही.

दुसरी पिन. समजा काळ्याच्या राजापुढे त्याचाच घोडा उभा आहे आणि त्याच रेषेत लांबून आपला उंट रोखून बसलाय. आता तो घोडा हलूच शकत नाही. हलला तर राजाला शह बसतो, आणि तशी चाल नियमातच बसत नाही. दूध गॅसवर ठेवून त्याच्यापुढे उभी असलेली बाई आठवा. दारावरची बेल वाजतेय, पण हलायची सोय नाही. असा जखडलेला मोहरा दिसतो राखणीला, पण राखण करू शकत नाही.

तिसरी स्क्युअर, म्हणजे पिनचंच उलट. पुढे राजा आणि त्याच्या मागे त्याच रेषेत हत्ती. शह बसला की राजाला बाजूला व्हावंच लागतं, आणि मागचा हत्ती आपसूक हाती येतो.

चौथी मला सगळ्यात आवडते. आपलाच एक मोहरा आपल्याच दुसऱ्या मोहऱ्याच्या वाटेत उभा असतो. तो बाजूला झाला, की मागच्याचा मारा सुरू! पडदा सरकवला आणि मागे माणूस उभा. समोरचा पडद्याकडे बघत राहतो आणि घात होतो तो मागून.

दुसरं कोडं: माझी फजिती

हे शिकल्यावर मला जरा शिंगं फुटली. घोडा दिसला की मी लगेच दुहेरी मारा शोधायची. आणि मग हे कोडं आलं.

दोघांचेही वजीर आधीच गेलेत. पांढरा: राजा जी १, हत्ती एफ १, घोडा डी ५, उंट एफ ४. काळा: राजा ई ८, हत्ती ए ८, उंट डी ६, घोडा जी ८. पांढऱ्याची प्यादी ए २, बी २, सी २, एफ २, जी २, एच २ वर. काळ्याची ए ७, बी ७, सी ७, एफ ७, जी ७, एच ७ वर. चाल पांढऱ्याची.

माझ्या लगेच लक्षात आलं. घोडा सी ७ वर गेला, की तिथून राजालाही शह आणि ए ८ वरच्या हत्तीवरही मारा! तिथलं प्यादं मारून घोडा नेला सी ७ वर. दोन मिनिटांत सुटलं म्हणून मी खूश. मागे उत्तरं बघते तर हे उत्तरच नाही.

लेक शाळेतून आली तेव्हा पुस्तक तसंच उघडं होतं. ‘‘हे काय? तू सोडवतेस?’’ तिचा विश्वासच बसेना. मी जरा ओशाळूनच विचारलं, ‘‘हे माझं का चूक गं?’’

ती दप्तर न काढताच बसली. म्हणाली, ‘‘आई, सी ७ वर कुणाची नजर आहे?’’

बघितलं. डी ६ वरचा काळा उंट! त्या प्याद्याला त्याचा जोर होता. मी घोडा नेला की तो उंट घोड्याला मारणार. मग माझा उंट त्याच्या उंटाला मारेल, म्हणजे एवढ्या खटाटोपात मला मिळालं काय, तर एक प्यादं. हत्ती राहिला बाजूलाच.

‘‘मग तो उंटच आधी घालवला तर?’’ ती म्हणाली.

पांढरा उंट एफ ४ वरून डी ६ वरच्या काळ्या उंटाला मारतो. आता काळा काय करेल? काहीच केलं नाही, तर त्याचा उंट फुकट गेला. म्हणून सी ७ वरचं प्यादं तिरकं येऊन माझ्या उंटाला मारतं. आणि बघा, प्यादं तिथून निघालं म्हणजे सी ७ हे घर मोकळं झालं, त्याची राखण करणारा उंटही उरला नाही. आता घोडा सी ७ वर! राजाला शह, हत्तीवर मारा. राजा हलला की घोडा हत्तीला मारतो.

चाल माझीच होती, फक्त एक पाऊल आधी खेळली होती. क्रम चुकला होता. फोडणीत मोहरीच्या आधी हळद घातली की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

‘‘आई, आमचे सर तीन प्रश्न विचारायला लावतात,’’ ती म्हणाली. ‘‘शह देता येतो का? काही मारता येतं का? कसली धमकी देता येते का? याच क्रमाने, सगळे शह, सगळे मार, सगळ्या धमक्या. आणि प्रत्येकाच्या पुढे चौथा प्रश्न, मग तो काय करेल?’’

हा चौथा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. माझ्या डोक्यातल्या डावात समोरचा माणूस नुसता हात बांधून बसलेला असायचा.

‘‘आणि आधी बघायचं, मग हात लावायचा. स्पर्धेत मोहऱ्याला हात लागला की तोच चालवावा लागतो.’’ बारा-तेरा वर्षांची पोर मला शिकवत होती आणि मी मुकाट ऐकत होते. गंमत म्हणजे मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तिसरं कोडं: वजीर द्यायचा?

हे कोडं मात्र तीन दिवस सुटलं नाही.

पांढरा: राजा जी १, वजीर ई ५, हत्ती ई १, प्यादी एफ २, जी २, एच २. काळा: राजा जी ८, वजीर ए २, हत्ती डी ८, प्यादी एफ ७, जी ७, एच ७. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.

भिंत तर लगेच दिसली. पण शेवटच्या ओळीवर त्याचा हत्ती राखणीला बसलाय. ‘सगळे शह बघ’ म्हणून मी बघत होते, पण एक शह मी प्रत्येक वेळी गाळत होते. वजीर ई ८ वर नेला की शह बसतो, पण हत्ती त्याला मारतो. वजीर म्हणजे सगळ्यात मोठा मोहरा! तो कसा देऊन टाकायचा? मी तिथपर्यंत जायची आणि परत फिरायची.

शेवटी लेकीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘तू थांबतेस कुठे ते सांग.’’

‘‘वजीर जातो तिथे.’’

‘‘मग पुढे एक चाल बघ की.’’

बघितलं. वजीर ई ८ वर, शह. काळ्याच्या हत्तीला तो मारावाच लागतो, दुसरी चालच नाही. आता पांढऱ्याचा हत्ती ई १ वरून सरळ वर, ई ८ वर. शह आणि मात! काळ्याचा वजीर लांब कोपऱ्यात बसून नुसता बघत राहतो.

मी म्हटलं, ‘‘म्हणजे वजीर देऊन टाकायचा.’’

‘‘देऊन टाकायचा नाही गं, आई. वापरायचा.’’

तिला काय म्हणायचं होतं ते पटाबद्दल होतं. मी मात्र रात्री भांडी घासताना बराच वेळ त्यावर विचार करत होते. आपण बायका द्यायला कधी मागे-पुढे बघत नाही. वेळ देतो, झोप देतो, दागिना मोडून देतो. पण देताना पुढची चाल बघितलेली असते का? बदल्यात काय येणार, कधी येणार, की काहीच येणार नाही, हे विचारायची आपल्याला लाज वाटते. बुद्धिबळात त्यालाही बलिदानच म्हणतात, पण ते हिशेब करून दिलेलं असतं. हिशेब न करता दिलेला वजीर म्हणजे नुसती चूक.

असो. लांबण लावत नाही.

दिसायला लागतं म्हणजे काय होतं?

दोन-तीन महिन्यांनी एक नवल घडलं. भिंतीची कोडी मला बघताक्षणी सुटायला लागली. विचार करावाच लागेना. मला वाटलं, डोकं तल्लख झालं! पण तसं नसतं.

१९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन अभ्यासकांनी एक प्रयोग केला. खऱ्या डावातला पट निष्णात खेळाडूला आणि नवख्याला पाच-पाच सेकंद दाखवला आणि मग आठवून मांडायला सांगितला. निष्णाताने बहुतेक मोहरे बरोबर मांडले, नवख्याला मोजकेच जमले. मग त्यांनी मोहरे कसेही विखरून ठेवले आणि तेच करायला सांगितलं. आता निष्णाताचा वरचढपणा जवळजवळ नाहीसाच झाला! म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही जगावेगळी नव्हती. त्याला सुटे मोहरे दिसत नव्हते, ओळखीच्या जुळण्या दिसत होत्या. ‘राजा, तीन प्यादी, भिंत’ असं एकगठ्ठा.

आपलंही असंच असतं की! कणीक मळताना पाणी किती लागेल ते आपण मोजतो का? हाताला कळतं. नव्या सुनेला कळत नाही, म्हणून ती काही बुद्धीने कमी नसते. तिच्या हातांखालून तेवढी कणीक गेलेली नसते, इतकंच. कोड्यांचंही तसंच आहे. सोपी, पुष्कळ आणि पुन्हा पुन्हा.

हंगेरीच्या लास्लो पोल्गार यांनी आपल्या तीन मुलींना, सुसान, सोफिया आणि ज्युडिट यांना, घरीच शिकवलं. त्यांच्या एका जाडजूड पुस्तकात कोडी आणि छोटे डाव मिळून ५३३४ नग आहेत. त्यातली धाकटी ज्युडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि तिने बॉबी फिशरचा सर्वांत लहान ग्रँडमास्टरचा विक्रम मोडला. २००२ मध्ये तिने जलद डावात गॅरी कास्पारॉव्हला हरवलं.

एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या महाराष्ट्रातल्या मुलींनी तर पन्नास वर्षांपूर्वीच वाट पाडली आहे. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९७६ मध्ये तर रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, वय अवघं तेरा! त्यावरून वाद झाला आणि तो जागतिक संघटनेपर्यंत गेला. स्त्रियांना अशी बंदी घालता येणार नाही, असा निर्णय तिथून आला. १९८१ मध्ये त्या आशियाई विजेत्या झाल्या. मग भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा तुम्हीही टीव्हीवर बघितलं असेल. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, म्हणजे दोन्ही भारतीयच! वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दिव्या भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली. ते बघताना हॉलबाहेरच्या सतरंजीवरच्या आम्ही सगळ्या जणी मला आठवल्या.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे ग्रँडमास्टर व्हायचंय? मलाही नाही व्हायचं. कोडी सोडवल्याने संसारातली कोडी सुटतात, असंही मी सांगणार नाही. कोडी सोडवल्याने कोडीच सुटायला लागतात आणि थोडं बुद्धिबळ येतं. पण दिवसातली वीस मिनिटं, ज्यात मी कुणाचं काही करत नाही, कुणाची वाट बघत नाही आणि चुकले तरी कुणाचं नुकसान होत नाही, अशी माझ्याकडे याआधी नव्हती. सासूबाई आधी म्हणायच्या, ‘‘हे काय खूळ काढलंस?’’ आता दुपारी कुणी हाक मारली तर त्याच आतून सांगतात, ‘‘थांबा जरा, तिचा पट मांडलाय.’’

परवाची गोष्ट

मागच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा होती. पुन्हा एक डाव हरली. पुन्हा एसटी, पुन्हा खिडकी. मी काही विचारलं नाही. अर्ध्या तासाने तिनेच चाली लिहिलेला कागद काढला, मोबाइलवर पट मांडला आणि एकेक चाल बघत बसली. मी बाजूने बघत होते. शेवटाकडे आली तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

‘‘इथे तुझ्या राजाला बाहेर पडायला दार कुठे होतं गं?’’

तिने माझ्याकडे बघितलं. मग पटाकडे. पांढऱ्याचा राजा जी १ वर, पुढे तीन प्यादी. अगदी माझ्या पहिल्या कोड्यासारखी भिंत. आधी कधीतरी एच २ वरचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं असतं, तर राजाला एच २ ची खिडकी मिळाली असती.

‘‘हो गं,’’ ती म्हणाली. ‘‘मला हल्ला दिसत होता. हे दिसलंच नाही.’’

‘‘मलाही नव्हतं दिसलं. पहिल्या दिवशी.’’

मग आम्ही दोघी तोच डाव परत पहिल्या चालीपासून बघत बसलो. गाव कधी आलं ते कळलंच नाही. कंडक्टरने हाक मारली तेव्हा घाईघाईने डबा, स्वेटर गोळा केला आणि उतरलो.

घरी आल्यावर आम्ही एक डाव खेळलो. अठराव्या चालीला तिने मला मात दिली. आजवर मी तिच्याशी एकही डाव जिंकलेले नाही. पण आता हरते ती कुठे, ते मला समजतं.

सुरुवात करायची असेल तर...

• एका चालीत मात होणाऱ्या कोड्यांपासून सुरुवात करा. अशी पन्नास-शंभर सुटल्याशिवाय दोन चालींच्या मातीकडे वळू नका.

• पट बघितल्यावर आधी चाल कुणाची ते बघा. मग दोन्ही बाजूंचे मोहरे मोजा आणि दोन्ही राजांना पळायला कुठली घरं मोकळी आहेत ते पाहा.

• ज्याला कुणाचाच जोर नाही, असा मोहरा शोधा. युक्ती बहुतेक वेळा त्याच्याच आसपास असते.

• शह, मार, धमकी, याच क्रमाने बघा. ‘ही चाल वेडेपणाची आहे’ म्हणून एकही शह गाळू नका.

• प्रत्येक चालीपुढे विचारा, मग तो काय करेल? त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर गृहीत धरा, आपल्या सोयीचं नव्हे.

• उत्तर आधी वहीत लिहा, शेवटच्या चालीपर्यंत. मगच मागचं पान उघडा. ‘मला हेच वाटलं होतं’ असं म्हणायची सोय राहत नाही!

• दहा मिनिटांत सुटलं नाही तर उत्तर बघा, पण पटावर मांडून बघा. चुकलेल्या कोड्यावर खूण करा आणि आठवड्याने तेच परत सोडवा.

• रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा हे बरं.

• पुस्तक नसेल तर मोबाइलवर लीचेससारख्या ठिकाणी फुकट कोडी मिळतात. फक्त तिथे बोट लावायची घाई होते. बोट मागे ठेवा. आधी बघायचं.